डार्ट्स : पबच्या भिंतीपासून अलेक्झांड्रा पॅलेसपर्यंत

दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर उत्तर लंडनमधील एका टेकडीवर उभ्या असलेल्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये डार्ट्सची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू होते आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात तिचा अंतिम सामना होतो. नावात 'पॅलेस' असले तरी येथे राजा कधी राहिला नाही. सामान्य लंडनकरांच्या करमणुकीसाठी ही वास्तू १८७३ साली खुली झाली, सोळाच दिवसांत जळाली आणि १८७५ मध्ये पुन्हा उभी राहिली. १९३६ साली बीबीसीने आपले नियमित दूरचित्रवाणी प्रक्षेपण येथूनच सुरू केले. डार्ट्सच्या या स्पर्धेला याहून समर्पक जागा मिळणे कठीण. कारण हा खेळ वाढवला पबने आणि त्याला श्रीमंत केले दूरचित्रवाणीने.

वरवर पाहता खेळ अगदी सोपा. भिंतीवर सुमारे ४५ सेंटिमीटर व्यासाचा गोल फलक आणि त्यावर १ ते २० आकड्यांच्या वीस पाचरी. फलकाचा मध्यबिंदू जमिनीपासून ५ फूट ८ इंच उंच. खेळाडूने उभे राहायची रेषा फलकापासून ७ फूट सव्वानऊ इंच दूर. एका पाळीत तीन डार्ट फेकायचे. बाहेरच्या अरुंद कड्यात डार्ट रुतला तर गुण दुप्पट, आतल्या कड्यात रुतला तर तिप्पट. तिन्ही डार्ट वीसच्या तिप्पट कड्यात गेले की १८० गुण होतात. एका पाळीत याहून अधिक गुण मिळूच शकत नाहीत. मात्र आकड्यांची मांडणी मोठी खोचक आहे. वीसच्या एका बाजूला १ आहे, दुसऱ्या बाजूला ५. मोठ्या आकड्याची हाव धरून हात किंचित हलला की शिक्षा ठरलेली. प्रत्येक खेळाडू ५०१ गुणांवरून वजाबाकी करत नेमका शून्यावर येतो आणि त्याचा शेवटचा डार्ट दुपटीच्या कड्यात किंवा मध्यबिंदूवरच लागावा लागतो. यातील एका डावाला 'लेग' म्हणतात. तो कमीत कमी नऊ डार्टमध्ये संपू शकतो. उरलेल्या गुणांचे तीन डार्टमध्ये विभाजन कसे करायचे, हा हिशेब खेळाडू फेकता फेकताच मनात करत असतो. शाळेत गणिताचे वावडे असलेली माणसेही पबमध्ये ही वजाबाकी पाढ्यासारखी घोकून बसतात, हा या खेळाचा एक दुर्लक्षित गुण मानायला हरकत नाही.

आजच्या स्पर्धेआधी पबमधल्या खेळाडूंची खरी स्पर्धा होती ती 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या रविवारच्या वृत्तपत्राची. १९२७ साली ती लंडन परिसरापुरती सुरू झाली, तेव्हा सुमारे एक हजार जणांनी भाग घेतला आणि सॅमी स्टोन विजेता ठरला. दशकभरातच तिचे लोण इतके पसरले, की १९३८-३९च्या हंगामात प्रवेशिका अडीच लाखांच्या वर गेल्या आणि लंडनच्या रॉयल अॅग्रिकल्चरल हॉलमधील अंतिम लढत पाहायला १४,५३४ प्रेक्षक आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ती राष्ट्रीय पातळीवर भरू लागली. १९४८ साली सेंट हेलेन्स या औद्योगिक गावातील एका कामगार क्लबचा हॅरी लेडबेटर तिचा पहिला राष्ट्रीय विजेता झाला.

या स्पर्धेचे वैशिष्ट्य तिच्या रचनेत होते. आपल्या पबमध्ये जिंकायचे, मग परिसरात, मग विभागात आणि शेवटी लंडनला जायचे. मानांकन कोणालाच नसे. तीनपैकी दोन लेग जिंकणारा पुढे जाई, हरणारा घरी. त्यामुळे नामवंत खेळाडूही एखाद्या अनोळखी कामगाराकडून पंधरा मिनिटांत गारद होऊ शकत असे. गुणवत्तेची ही अचूक कसोटी नव्हती, हे मान्यच करावे लागेल. पण हातात डार्ट धरणाऱ्या कोणालाही आपण राष्ट्रीय विजेता होऊ शकतो असे वाटावे, एवढी ती खुली होती. १९६० आणि १९७०च्या दशकांत अनेक वर्षे तिची अंतिम फेरी अलेक्झांड्रा पॅलेसमध्येच भरत असे.

व्यावसायिक युग सुरू झाले ते १९७८ साली. ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशनने एका सिगारेट कंपनीच्या प्रायोजकत्वाखाली नॉटिंगहॅम येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली आणि वेल्सचा लेटन रीस जगज्जेता झाला. दूरचित्रवाणीला हा खेळ जणू बेतूनच मिळाला होता : पडद्याच्या एका भागात खेळाडूचा चेहरा, दुसऱ्यात फलक. पाच वेळा जगज्जेता ठरलेला एरिक ब्रिस्टो घराघरांत पोहोचला. त्यानेच स्टोक येथील फिल टेलर या कामगाराला खेळासाठी १० हजार पौंड उसने दिले. १९९०च्या अंतिम सामन्यात याच टेलरने ब्रिस्टोला ६-१ असे हरवले. त्याच स्पर्धेत सिंगापूरच्या पॉल लिमने नऊ डार्टमध्ये लेग संपवून ५२ हजार पौंडांचे खास बक्षीस पटकावले. जगज्जेत्या टेलरला मिळाले २४ हजार!

या झगमगाटाला तडा मात्र आधीच गेला होता. व्यासपीठावर सिगारेट ओढणारे आणि बिअर पिणारे खेळाडू विनोदी कार्यक्रमांचा विषय झाले, प्रायोजक दूर गेले आणि १९८९ पर्यंत ब्रिटिश दूरचित्रवाणीवर जागतिक अजिंक्यपदाखेरीज फारसे डार्ट्स उरले नाही. उत्पन्न आटलेल्या आघाडीच्या खेळाडूंनी स्वतःची संघटना स्थापन केली. १९९३ साली मूळ संघटनेने अशा सोळा खेळाडूंवर बंदी घातली. बंदीचा फास त्यांच्यापुरता राहिला नाही. त्यांच्याबरोबर खेळणाऱ्यांनाही तोच इशारा देण्यात आला. गावोगावच्या स्नेह्यांमध्ये यामुळे पडलेली फूट अनेक वर्षे बुजली नाही. १९९७ मध्ये वाद न्यायालयात मिटला, पण जगज्जेते दोन राहिले.

फुटून निघालेल्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९९४ साली एसेक्समधील पर्फ्लीट गावच्या 'सर्कस टॅव्हर्न'मध्ये अवघ्या २४ खेळाडूंनिशी झाली. विजेत्या डेनिस प्रिस्टलीला १६ हजार पौंड मिळाले. २००८ पासून हीच स्पर्धा अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये भरते. मूळ संघटना २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ची नियमित स्पर्धा तर १९९० सालीच थांबली होती. १९९७ मध्ये ती एकदा भरली आणि टेलरने जिंकली. पुढे २०११ साली फोन हॅकिंगच्या प्रकरणात ते वृत्तपत्रच बंद पडले. टेलरने जगज्जेतेपद एकूण सोळा वेळा मिळवले.

अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये आज जे दिसते ते पबचे भव्य रूप आहे. लांबच लांब टेबले, बिअरचे पेले, चित्रविचित्र पोशाखांतले हजारो प्रेक्षक आणि अखंड समूहगान. विजेत्याचा करंडक समालोचक सिड वॅडेल यांच्या नावाचा आहे. खाणकामगाराचा हा मुलगा केंब्रिजमध्ये इतिहास शिकला होता आणि डार्ट्सचे वर्णन करताना ग्रीक-रोमन वीरांना खुशाल वेठीस धरत असे. डिसेंबर २०१९ मध्ये फॅलन शेरॉकने येथे दोन पुरुष खेळाडूंना हरवले; या स्पर्धेत सामना जिंकणारी ती पहिली महिला. भारताचा नितीन कुमार अनेकदा येथे खेळला असून डिसेंबर २०२५ मध्ये त्याने सामना जिंकला. २०२६ साली संपलेल्या स्पर्धेत १२८ खेळाडू होते आणि विजेत्याचे बक्षीस होते १० लाख पौंड.

ते पटकावले ल्यूक लिटलरने. जानेवारी २०२४ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो अंतिम सामन्यात ल्यूक हम्फ्रीजकडून हरला. पुढच्याच वर्षी मायकेल व्हॅन गर्वेनला ७-३ असे नमवून तो सर्वांत तरुण जगज्जेता झाला, तेव्हा इंग्लंडच्या कायद्यानुसार पबमध्ये बिअर विकत घेण्याचे त्याचे वय झाले नव्हते. अर्थात त्याचा खेळ घडला तो पबमध्ये नव्हे, तर मुलांना शिस्तीत शिकवणाऱ्या डार्ट्स अकादमीत. ही अकादमी सेंट हेलेन्सची, म्हणजे हॅरी लेडबेटरच्याच गावची.