बलवंत संगीत मंडळी : भागीदाराच्या आठवणींचे प्रामाण्य

ज्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले, त्याच सांगलीत नव्वद वर्षांनंतर मराठीतील एका नामांकित संगीत मंडळीचा पडता काळ गेला. या मंडळीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी' हे आत्मचरित्र टाळता येत नाही.

किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून १९१८ मध्ये कोल्हटकर, मास्टर दीनानाथ मंगेशकर व कृष्णराव कोल्हापुरे यांनी 'बलवंत' स्थापिली. बलवंत हे नाव अण्णासाहेब किर्लोस्करांचेच. फुटून निघालेल्यांनीही मूळ पुरुष सोडला नाही. 'मंडळी' हा शब्द मराठीत घरच्या माणसांनाही लागतो, हे येथे सहज आठवते. गडकऱ्यांचे 'भावबंधन', सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' तिने रंगभूमीवर आणले. पुढे बोलपटांची लाट आली, 'कृष्णार्जुन युद्ध' (१९३४) या चित्रपटाचे धाडस अंगाशी आले आणि मंडळी मोडली. १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, दीनानाथ पुण्यास वारले.

'बहुरूपी' १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. ध्वनिमुद्रिकेत दीनानाथांचे पद जेमतेम तीन मिनिटे ऐकू येते. रात्रभर रंगणारे नाटक तीत मावत नाही. त्या गायनाविषयी रंगमंचावरील सोबत्याची साक्ष मोलाची मानावी. पैशाच्या व्यवहाराविषयी मात्र तीच साक्ष जपून घ्यावी, कारण साक्षीदार स्वतः भागीदार होता. दीनानाथांनी आत्मचरित्र लिहिले नाही. तेव्हा त्यांची बाजू या ग्रंथात आली असेल तेवढी मित्राच्याच शब्दांत आहे.