बॅ. अंतुले : आमची अर्धी आठवण

कोकणातल्या आंबेत गावचे बॅ. अब्दुल रहमान अंतुले जून १९८० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री झाले. त्यांचा उल्लेख निघाला की आम्ही अभिमानाने हे सांगतो. इतरांना सिमेंट आठवते. सिमेंट वाटप व देणग्यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. हेही आम्ही लपवू नये. पण त्याच दीड वर्षात निराधारांसाठी संजय गांधी योजना आली, सिंधुदुर्ग व जालना जिल्हे झाले, कुलाब्याचा रायगड झाला. पुढे २००६ मध्ये ते केंद्रात अल्पसंख्याक खात्याचे पहिले मंत्री झाले. शिवरायांच्या राजधानीचे नाव एका कोकणी मुसलमानाच्या कारकिर्दीत त्याच्याच जिल्ह्याला मिळाले, एवढे तरी आमच्या मुलांना ठाऊक असावे.