मोटारगाडी, जुनी लहान : गंजलेल्या आधारांची दुरुस्ती

मोटारगाडीच्या तळाकडील ज्या पोकळ पोलादी पट्ट्या चाके, एंजिन व उतारू यांचा भार पेलतात, त्या गंजल्यास कापून नव्या बसविण्याचे काम. पूर्वीच्या बहुतेक मोटारींत जाड पोलादी सांगाड्यावर वेगळी बॉडी बसवीत. फियाट ११०० या इटालियन गाडीच्या १९५३ मधील नमुन्यात सांगाडा व बॉडी एकसंध करण्यात आली. त्यामुळे वजन घटले; परंतु भार पेलण्याचे काम पातळ पत्र्यावर आले.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथे याच घडणीच्या गाड्या बनविल्या. १९७४ पासून त्या ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. परवाना पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित होते व नव्या गाडीसाठी अनेक वर्षे थांबावे लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यानंतर ही स्थिती हळूहळू पालटली. तोवर जुनी गाडी मोडीत काढण्यापेक्षा दुरुस्त करणे हाच व्यवहार्य मार्ग होता.

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धनसारख्या समुद्रकाठच्या गावी हे काम विशेष कठीण होते. सागरी वाऱ्यांबरोबर आलेले मीठ पत्र्यावर साचते. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास मीठ हवेतील बाष्प शोषून विरघळते. म्हणून पाऊस नसतानाही पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा थर राहतो. त्यातील क्लोराइडामुळे गंजण्याची क्रिया वेगाने होते. गाडी पुळणीवर नेल्यास ओली वाळू पोकळ पट्ट्यांत शिरते व पाणी निघून जाण्याची छिद्रे बुजतात. गंज आतून बाहेर येत असल्याने रंगाला फोड येईपर्यंत पत्रा बराच झिजलेला असतो. दारांखालील उंबरे, जॅक लावण्याच्या जागा आणि मागील कमानपाटे जेथे अडकविलेले असतात ते भाग प्रथम कमकुवत होतात.

भोकावर पत्र्याचा तुकडा ठोकून लांबी भरणे व वर डांबरी लेप देणे हा स्वस्त उपाय होय. त्याने भोक झाकते, बळ परत येत नाही. उलट ओल आत कोंडून गंज वाढतो. योग्य दुरुस्तीत बॉडी वाकू नये म्हणून गाडीस शाबूत जागी टेकू देतात आणि दारांच्या फटी मोजतात. पेट्रोलची टाकी व बॅटरी काढून ठेवतात. नंतर निरोगी पत्रा लागेपर्यंत गंजका भाग कापून तेवढ्याच जाडीचा नवा भाग वितळजोडाने बसवितात. वायुज्योतीच्या जोडकामात उष्णता दूरवर पसरून पत्रा वाकतो. कार्बन डाय-ऑक्साइड वायूच्या आवरणाखालील विद्युत् जोडकामात ती मर्यादित राहते. तरीही टाके लहान व आलटून पालटून घ्यावे लागतात. शेवटी जस्तयुक्त रंग देतात, पोकळीत मेण किंवा तेल सोडतात व छिद्रे मोकळी करतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी गाडीच्या नोंदणीचे १५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. लेपाखालील दोष मात्र नुसत्या नजरेस दिसत नाही. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज येतो, तेव्हा तो कळतो. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सींत पद्मिनी उरली नाही. हौशी मालकांनी जपलेल्या थोड्या पद्मिनींच्या बाबतीत हे काम गाडीच्या देखणेपणाइतकेच, किंबहुना अधिक, आत बसणाऱ्यांच्या सुरक्षिततेचे आहे.