गाव वसवणाऱ्यांची माती

कुठल्याही गावाचा इतिहास विचारा, तो पाटलाच्या वाड्यापासून सुरू होतो. देशमुखाची गढी, देशपांड्याचं दप्तर, देवळाचा कळस. मग गावाची शीव कोणी राखली? साऱ्याची रक्कम घेऊन ठाण्यापर्यंत पायी कोण गेला? कोणाच्या मयताची खबर परगावी कोणी पोचवली? ह्या माणसाचं नाव विचारलं की सगळे गप्प. पण ‘जेथे गाव तेथे महारवाडा’ ही म्हण सगळ्यांना तोंडपाठ.

दोस्तांनो, ही म्हण आपल्याला हिणवायला वापरतात. तीच जरा उलटी वाचा. गाव आहे तिथे आपण आहोतच, असं ती सांगते. म्हणजे गाव वसलं त्या दिवसापासून आपण ह्या मातीत आहोत. वऱ्हाडात इमादशाही आली, मोगल आले, निजाम आला, 1853 साली इंग्रज आले. मालक बदलले, महारवाडा हलला नाही. शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष घ्यायचे. ज्याला गावाची सगळी शीव पायाखालची ठाऊक, त्यालाच गावाबाहेर ठेवलेलं. बेदरच्या बादशहाने दिले म्हणून सांगतात त्या बावन हक्कांच्या गोष्टीतही मढ्यावरचं कापड आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मेलेल्याची वस्त्रं नेसावी असा हुकूम आहे. ब्राह्मणाच्या पोथीत ती शिक्षा, गावगाड्यात तोच हक्क. फसवणूक किती सफाईनं करतात ते बघा.

आमचं संग्रामपूर. उत्तरेला सातपुडा, खाली पूर्णेकडे उतरत गेलेली काळी कपाशीची जमीन. इकडच्या खेड्यांत जिवंतपणी वस्त्या वेगळ्या, तसे मेल्यावर मसणवटेही वेगळे. आपल्या मसणवट्यात नावाचा दगड सापडत नाही. मातीचा उंचवटा, वर चार धोंडे, जनावरानं उकरू नये म्हणून बाभळीच्या फांद्या. दोन पावसाळे गेले की जमीन सपाट. मग एखादी म्हातारी बोट दाखवून सांगते, ‘तुह्या आज्याचा बाप अथी हाये, त्याच्या बाजूनं त्याची माय.’ ती म्हातारी गेली की तो माणूस दुसऱ्यांदा मेला.

मी सूतगिरणीत काम करतो. गिरणीत मस्टरवर नाव असेल तर माणूस कामावर होता. नाव नसेल तर त्याचा घाम खोटा, त्याचा मोडलेला हातही खोटा. इतिहासाचंही तसंच आहे. आपल्या बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या पाळ्या भरल्या, पण मस्टर दुसऱ्याच्या हातात होतं.

आपल्याच जिल्ह्यातला एक माणूस घ्या. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणाराजा हे चोखामेळ्याचं जन्मगाव मानतात. संत म्हणून त्याची आरती करणारे खूप आहेत. मी त्याच्याकडे कामगार म्हणून बघतो. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं. भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसोबत खाली गाडला गेला. साल 1338 सांगतात. कामावर असताना झालेला हा अपघात. मढी ढिगाऱ्यात राहिली. पुढे नामदेव तिथे गेला, त्यानं हाडं वेचली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी झाली. हाडांतून विठ्ठल विठ्ठल आवाज येत होता ही भाविकांची कथा. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. कोणीतरी मुद्दाम शोधायला गेलं म्हणून ह्या महाराची समाधी आहे. त्याच भिंतीखाली मेलेल्या बाकीच्यांची नावं कोणी सांगावी?

आणि समाधी तरी कुठे? दाराबाहेर. साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 साली ते देऊळ अस्पृश्यांना उघडलं. म्हणजे सहाशे वर्षं चोखोबा मेल्यावरही उंबऱ्याच्या बाहेरच. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेव्हणा बंका, मुलगा कर्ममेळा, ह्या सगळ्यांचे अभंग आहेत. एका महार घराचा इतका जुना इतिहास टिकला, कारण त्यांनी अभंगात आपापली नावं घातली. बाबासाहेबांनी 1948 चा अस्पृश्यांवरचा आपला ग्रंथ ज्या तिघांच्या स्मृतीला वाहिला, त्यात नंदनार आणि रविदासांबरोबर चोखामेळा आहे.

दुसरा दगड कोरेगावचा. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावं त्या खांबावर आहेत. त्यातली बावीस नावं ‘नाक’ लावलेली, म्हणजे आपली. 1927 साली बाबासाहेब तिथे गेले. दगडावर नाव होतं म्हणून शंभर वर्षांनीही माणसं ओळखता आली.

आपल्या मसणवट्यातल्या माणसांना खांब नाही. पण एक कागद आहे, त्याचं नाव कोतवाल बुक. इंग्रजी अमलात आपल्याकडे गावात कोणी जन्मलं किंवा मेलं की गावनोकर ठाण्यावर वर्दी द्यायचा. नाव, बापाचं नाव, जात, मरणाचं कारण अशी नोंद व्हायची. खबर नेणारा पुष्कळदा आपलाच माणूस होता. त्यानं सांगितलं, दुसऱ्यानं लिहिलं. ही बुकं तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळतात. जुनी पानं मोडीत असतात, म्हणून मोडी शिका. आपला भाग जुन्या जळगाव तालुक्यातला. तो 1905 साली अकोल्यातून बुलढाण्यात आला. त्याआधीचा कागद इथे नाही मिळाला तर अकोल्याला विचारा.

ती पानं उघडाल तेव्हा नुसता दाखला काढून परत येऊ नका. जात पडताळणीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा लागतो, तो मिळवाच. पण पुढची ओळही वाचा. 1899-1900 चा दुष्काळ बघा, 1918 ची मानमोडी बघा. आपल्या वस्तीतली किती माणसं कोणत्या महिन्यात गेली ते मोजा. नावं वाचा. कचरू, धोंडू, दगडू. माणसाला कचरा म्हणायला लावणारा समाज त्या एका शब्दात दिसतो. मग 14 ऑक्टोबर 1956 नंतर जन्मलेल्यांची नावं बघा. सिद्धार्थ, गौतम, राहुल. धम्मक्रांती घरात कशी शिरली ते तिथे कळेल.

मग वही घेऊन म्हाताऱ्यांकडे बसा. कोण कुठून आला, कोणाची लेक कुठे दिली, कोण कशानं मेला, सगळं लिहा. बायांची नावं आठवणीनं विचारा, कागदात त्या नुसत्या कोणाच्या तरी बायका असतात. ह्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या रोगानं माणसं मरतात, तेही लिहा. उद्या गोड्या पाण्यासाठी भांडताना ती वही कामी येईल. तलाठ्याकडे जाऊन मसणवट्याची जागा कागदावर कशी लागली आहे ते तपासा. जमीन महसूल कायद्याच्या 22 व्या कलमात गावच्या दफनभूमीसाठी जमीन राखून ठेवायची तरतूद आहे. त्याच ओळीत ढोरं सोलायच्या जागेचीही आहे. कायदा लिहिणाऱ्याला ढोरं सोलायची जागा आठवली. आपल्या मेलेल्यांची जागा आपणच आठवून द्यायची आहे, नाहीतर एखाद्या वर्षी तिथून नांगर फिरेल आणि बोट दाखवायला म्हातारी उरलेली नसेल.

जयभीम.