स्वयंचलित आज्ञालेखन : एका जुन्या प्रश्नाचा विचार

यंत्रच आज्ञावली लिहू लागल्यावर ती विद्या शिकावी काय, हा प्रश्न नवा नव्हे. आयबीएममधील जॉन बॅकस यांच्या गटाने १९५४ च्या प्राथमिक अहवालात, फोर्ट्रानमुळे संकेतलेखन व दोषशोधन जवळजवळ नाहीसे होईल, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. १९५७ मध्ये फोर्ट्रान प्रचारात आली. यंत्रसंकेत लिहिण्याचे कष्ट पुष्कळ कमी झाले, परंतु पुढील दशकांत आज्ञावलीकारांची संख्या वाढतच गेली. तथापि या दाखल्यास मर्यादा आहे. फोर्ट्रानचा भाषांतरक निश्चित नियमांनी चाले. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता संदिग्ध व्यवहारभाषेवरून संकेत रचते. म्हणून लेखनापेक्षा पारख महत्त्वाची ठरते. आणि जी भाषा अवगत नाही, तिच्यातील प्रमाद ओळखता येत नाही. अध्ययनाचे प्रयोजन बदलले आहे, संपलेले नाही.