किलोपासून क्वेट्टापर्यंत

मंडईत आपण ‘दोन किलो कांदे’ मागतो, तेव्हा वजनाचं नाव घेतलेलंच नसतं. किलो म्हणजे ग्रीकमध्ये नुसतं ‘हजार’. ग्रॅम आपण मनातल्या मनात धरतो.

किलोसारख्या उपसर्गांचा जन्म फ्रेंच राज्यक्रांतीतला. गावोगावची वेगवेगळी वजनंमापं मोडून एकच दशमान पद्धत आणायची होती. १७९३ साली आजच्या किलोग्रॅमला ‘ग्राव्ह’ असं स्वतंत्र नाव मिळालं होतं. मात्र ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने ग्रॅमला पायाचं एकक मानलं आणि ग्राव्ह मागे पडलं. प्रमाण वजन म्हणून जपायला एक ग्रॅम फारच चिमुकला, त्यामुळे ते हजार ग्रॅमचंच घडवलं गेलं. म्हणूनच वस्तुमानाच्या मूळ एककाला आजही उपसर्ग चिकटलेला आहे. कायद्यातली वाटणी सुरेख होती: चढत्या मापांना डेका, हेक्टो, किलो हे ग्रीक शब्द, उतरत्यांना डेसी, सेंटी, मिली हे लॅटिन. किलो आणि मिली या दोन्हींच्या मुळाशी ‘हजार’च आहे, एक गुणतो, दुसरा भागतो.

पुढे विज्ञानाला याहून मोठी आणि बारीक मापं लागली. १९६० मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने गिगा (राक्षसकाय), टेरा (अक्राळविक्राळ प्राणी) आणि नॅनो (खुजा) यांना मान्यता दिली.

१९६४ ची निवड सर्वांत अनपेक्षित. फेम्टो आणि अ‍ॅटो आले डॅनिशमधून! तिथे ‘फेम्टेन’ म्हणजे पंधरा, ‘अटेन’ म्हणजे अठरा. दशांशचिन्हानंतर तितक्याव्या जागी एक. २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या अ‍ॅटोसेकंदांच्या प्रकाशस्पंदांना मिळालं, त्यांच्या नावात डॅनिश लोकांचे साधे अठरा आहेत. १९७५ चे पेटा आणि एक्सा हे तर ग्रीक ‘पेंटा’ (पाच) आणि ‘हेक्सा’ (सहा) यांतलं एकेक अक्षर गाळून बनवलेले: हजाराचा पाचवा आणि सहावा घात.

२०२२ पर्यंत अडचण वेगळीच झाली. माहितीचे साठे फुगत होते आणि ‘ब्राँटो’, ‘हेला’ अशी बिनमान्यतेची नावं रुळू लागली होती. पण त्यांच्या आद्याक्षरांपैकी बी हे चिन्ह आधीच बाइटचं, एच हेन्री या एककाचं. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतले रिचर्ड ब्राउन यांनी रोमन लिपीतली कोणती अक्षरं मोकळी आहेत ते तपासलं. आर आणि क्यू एवढीच उरली होती. त्यांवरून रोन्ना, क्वेट्टा, राँटो, क्वेक्टो घडवले गेले आणि व्हर्सायच्या परिषदेत नोव्हेंबरमध्ये मंजूर झाले. त्या हिशोबाने पृथ्वीचं वस्तुमान सुमारे सहा रोन्नाग्रॅम, गुरूचं जवळपास दोन क्वेट्टाग्रॅम, तर इलेक्ट्रॉनचं साधारण एक राँटोग्रॅम भरतं.