अणुक्रमांकाचा इतिहास : मोस्लेचे क्ष-किरण

अणुक्रमांक म्हणजे केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या, ही व्याख्या तुम्ही शाळेतच पाठ केली आहे. पण १९१३ पूर्वीच्या रसायनशास्त्रज्ञाला ती सांगितली असती तर त्याला काहीच कळले नसते. त्याच्या लेखी अणुक्रमांक म्हणजे आवर्तसारणीतला निव्वळ हजेरीपटावरचा नंबर. खरे महत्त्व होते ते अणुभाराला, कारण तो तराजूवर मोजता येत होता.

अडचण अशी की तीन ठिकाणी अणुभार दगा देत होता. आजचे आकडे घेऊन पहा. टेल्युरियम १२७.६०, आयोडीन १२६.९०. अणुभाराप्रमाणे आयोडीन आधी यायला हवे, पण मग ते क्लोरीन-ब्रोमीनच्या रांगेतून बाहेर पडते. मेंडेलीव्हने गुणधर्मांवर विश्वास ठेवून टेल्युरियम आधी ठेवले आणि त्याचा अणुभार चुकीचा मोजला गेला असावा असे मानले. (मेंडेलीव्ह इथे चुकला, अणुभार बरोबरच होता. जागा मात्र त्याने अचूक दिली.) अरगॉन ३९.९५ आणि पोटॅशियम ३९.१० यांचेही तेच. कोबाल्ट ५८.९३ आणि निकेल ५८.६९ यांचा तिढा तर अधिक अवघड, कारण दोन्ही धातू वागायला इतके सारखे की कोण आधी हे गुणधर्मांवरूनही ठामपणे सांगता येत नव्हते.

१९११ मध्ये रदरफोर्डने अणूला धनप्रभारित केंद्रक असते हे दाखवले. मग व्हॅन डेन ब्रूक या डच गृहस्थाने, जो व्यवसायाने वकील होता, सुचवले की केंद्रकावरील प्रभार आणि सारणीतला क्रमांक एकच असावेत. कल्पना छान होती, पुरावा नव्हता.

तो शोधायला बसला हेन्री मोस्ले, मँचेस्टरला रदरफोर्डच्या प्रयोगशाळेतला पंचविशीतला तरुण. मूलद्रव्यावर वेगवान इलेक्ट्रॉन आदळले की ते स्वतःचे ठरावीक क्ष-किरण सोडते. मोस्लेने निर्वात नळीत एक छोटी गाडी ठेवली, तिच्यावर वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे नमुने मांडले आणि रेशमी दोरीने गाडी ओढत एकेक नमुना इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यासमोर आणला. निघालेले किरण स्फटिकावरून परावर्तित करून फोटोच्या काचेवर त्यांच्या रेषा टिपल्या. कॅल्शियमपासून जस्तापर्यंतच्या या रेषा काचेवर पायऱ्यांसारख्या सरकत गेल्या. वारंवारतेचे वर्गमूळ घेतले की प्रत्येक मूलद्रव्याला ते सारख्याच मापाने वाढत होते. समीकरणात मांडायचे तर √ν हे (अणुक्रमांक − १) च्या प्रमाणात असते.

हे तुम्ही स्वतः तपासून पहा. कोबाल्टच्या मुख्य रेषेची तरंगलांबी सुमारे १.७९ अँगस्ट्रॉम, निकेलची १.६६. भागाकार १.०७८ येतो. आता कोबाल्ट २७ आणि निकेल २८ मानून (२७/२६)² काढा. तेही १.०७८! शिवाय निकेलची तरंगलांबी कमी, म्हणजे वारंवारता जास्त, म्हणून ते कोबाल्टनंतरच येते. तराजूला न सुटलेला तिढा काचेवरच्या एका रेषेने सुटला.

१९१४ च्या दुसऱ्या लेखात मोस्ले ॲल्युमिनियमपासून सोन्यापर्यंत गेला आणि ४३, ६१ व ७५ या जागा रिकाम्या असल्याचे त्याने सांगितले. क्रमांक मोजता येऊ लागल्यामुळे आता किती मूलद्रव्ये सापडायची उरली आहेत हेही मोजता येत होते. त्याच वर्षी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऊर्बँ ऑक्सफर्डला आपले दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचे नमुने घेऊन आला. ते वेगळे करण्यात त्याची अनेक वर्षे गेली होती. मोस्लेने काही दिवसांत त्यांत काय आहे आणि काय नाही ते सांगितले. ऊर्बँने जाहीर केलेले ‘सेल्टियम’ त्यांत नव्हते. ७५ म्हणजे ऱ्हेनियम १९२५ मध्ये सापडले, ४३ म्हणजे टेक्नेशियम १९३७ मध्ये आणि ६१ म्हणजे प्रोमेथियम १९४५ मध्ये.

यांपैकी काहीच मोस्लेने पाहिले नाही. महायुद्ध सुरू होताच तो सैन्यात दाखल झाला आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोली येथे गोळी लागून मारला गेला. वय २७. त्याच टेकड्यांवर तेव्हा भारतीय सैन्यातील शीख आणि गुरखा पलटणीही लढत होत्या.

एक प्रश्न उरतो. क्रम प्रभाराने ठरतो हे मान्य, पण अरगॉन पोटॅशियमपेक्षा जड का? अणुभार हा समस्थानिकांची सरासरी असतो. पोटॅशियमचे सुमारे ९३ टक्के अणू ३९ वस्तुमानांकाचे, म्हणजे १९ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉनांचे. हवेतील अरगॉन मात्र जवळजवळ सगळा ४० वस्तुमानांकाचा: १८ प्रोटॉन, २२ न्यूट्रॉन. आणि हा अरगॉन आला कुठून? बहुतांश खडकांतील किरणोत्सारी पोटॅशियम-४० च्या क्षयातून. न्यूट्रॉन सापडला १९३२ मध्ये, त्यामुळे हा हिशेब असा मांडणे मोस्लेच्या हयातीत कोणालाच शक्य नव्हते.